गजकर्ण : ट्यूब संपते, चट्टा का राहतो?

पावसाळा लागला की खाजेची पत्रं वाढतात. यावेळी बहुतेक गजकर्णाचीच आहेत. शेवटचं एक वेगळं आहे, पण त्या त्रासावरही हीच मलमं लावतात, म्हणून तेही इथेच घेतलंय.

प्रश्न : मी यंत्रमागावर काम करतो. वर्षभर दोन्ही जांघांत गजकर्ण आहे. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबते, सोडली की दुप्पट येते. आता कंबरेपर्यंत पसरलंय. अंगाला औषधाची सवय झाली का? (इचलकरंजी)

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं नाव तिथे असणार, असा माझा दाट संशय आहे. ही स्टेरॉइडं. गजकर्ण म्हणजे कातडीला लागलेली बुरशी, आणि तिचं ती काहीच वाकडं करत नाहीत. खाज आणि लाली म्हणजे शरीराचा बुरशीला होणारा विरोध. स्टेरॉइड तो विरोधच दाबतं. म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं आणि आतल्या आत चट्टा पसरत राहतो. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर स्टेरॉइड अशी भेळ एकाच ट्यूबमध्ये भरलेली असते. ती लावून आलेल्या माणसाचं गजकर्ण ओळखणंही अवघड होतं. उंच लाल कडा आणि मध्ये निवळलेली कातडी हे नेहमीचं रूप मोडतं, कधी वर्तुळात वर्तुळं दिसतात. जांघेतली कातडी मुळात नाजूक. तिथे महिनोन् महिने स्टेरॉइड लागलं की ती पातळ होते आणि बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पट्टे उमटतात. गजकर्ण बरं होतं, ते पट्टे राहतात.

2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. काउंटरवर काय चालतं, ते तुमच्या पत्रातच आहे.

सवयीचं म्हणाल, तर तुमची शंका अगदीच वावगी नाही. गजकर्ण करणाऱ्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीला 2020 मध्ये हे नाव मिळालं. जपानी संशोधकांना ती भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांत सापडली होती. टर्बिनाफिन हे एरवीचं हुकमी औषध तिच्या बऱ्याच वाणांवर चालत नाही. पण ती सवय बुरशीला होते, तुमच्या अंगाला नाही.

एवढ्या पसाऱ्याला नुसतं मलम पुरणार नाही, पोटातून गोळ्या लागतील. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा सोबत न्या, रिकाम्यासुद्धा. ते कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. स्टेरॉइड सुटल्यावर काही दिवस खाज उसळेल. त्यावर वेगळी गोळी मिळते, जुन्या ट्यूबकडे हात जाऊ देऊ नका. आणि कंबरेला करगोटा असेल तर काढा. मागाच्या उकाड्यात तो दिवसभर घामाने ओला राहतो आणि त्याच्याखाली बुरशी ठाण मांडून बसते. घरच्यांची मी समजूत घालतो, म्हणावं डॉक्टरांनीच सांगितलंय.

प्रश्न : पोटावर दोन तळहात भरतील एवढा चट्टा आहे. डॉक्टरांनी बुरशीवरचं साधं क्लोट्रिमाझोल दिलंय. 15 ग्रॅमची ट्यूब मी महिनाभर पुरवते. चालेल ना? किती दिवस लावू? (ठाणे)

पुरवायचीच नाही! तर्जनीच्या टोकाच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं दोन तळहातांएवढ्या जागेला लागतं. सकाळ-संध्याकाळ मिळून एक ग्रॅम, म्हणजे तुमची ट्यूब पंधरवड्यात संपायला हवी. शिवाय चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचं, कारण बुरशी कडेने पुढे सरकते. बाहेरून आत चोळत या. अंघोळीनंतर जागा कोरडी करा, मग लावा. चट्टा दिसेनासा झाल्यावर आणखी दोन आठवडे. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं : खाज गेली की ट्यूब कपाटात जाते.

परकराची नाडी जिथे बसते तिथे बघा, बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच असते. तुमचा टॉवेल वेगळा ठेवा. पावसात कपडे दमट राहतात, तेव्हा शिवणीवरून कडक इस्त्री फिरवा. घरात आणखी कोणी खाजवत असेल तर त्यांचे उपचारही आत्ताच, नाहीतर तुमचं बरं होईल आणि पुन्हा तुमच्याकडेच येईल.

प्रश्न : आमच्याकडे गजकर्णाला टाकळ्याचा पाला चोळतात. लसूणही लावतात. (रत्नागिरी)

टाकळा गजकर्णावर पूर्वापार वापरात आहे आणि त्यात क्रायसोफेनॉल नावाचं द्रव्य आहे, हे खरं. पण कुठल्या पानात ते किती, हे कोण मोजणार? टाकळ्याची भाजी करा, कोवळा असताना फार छान लागते. लसूण मात्र नको. जांघेत लसूण वाटून बांधल्यावर आलेले फोड मी पाहिले आहेत. मूळ गजकर्ण परवडलं.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा. डोक्यावर गोल जागी केस तुटलेत, कोंडा पडतो. कुठलं मलम लावू? (परभणी)

कुठलंच मलम पुरणार नाही. हेही गजकर्णच दिसतंय, डोक्याचं. ही बुरशी केसाच्या मुळात असते, तिथे मलम पोचत नाही. वजनाप्रमाणे पोटातून औषध द्यावं लागतं, तेही काही आठवडे. याच आठवड्यात दाखवा. जागा सुजून मऊ झाली, पू आला, तर गळू समजून फोडू नका. तिथले केस कायमचे जाऊ शकतात. घरात मांजर-कुत्रं असेल तर त्याच्या अंगावर केस गेलेल्या जागा आहेत का, तेही बघा. नखांचंही असंच : जाड, पिवळं नख नुसत्या मलमाने सहसा सुधारत नाही.

प्रश्न : पाठीवर पांढुरके डाग होते. शिबं आहेत म्हणून क्रीम दिलं. महिना झाला, डाग तसेच. कोड तर नाही ना? (कॉलेज विद्यार्थिनी, नाशिक)

वर्णनावरून तरी नाही वाटत. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्यावर खवले नसतात. शिबांची बुरशी आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर असते. घामाने, दमट हवेने ती माजते, एकमेकांना लागत नाही. ती मेली तरी रंग परतायला आठवडे, कधी महिने जातात. डागावर नखाने हलकेच खरवडून बघा. बारीक भुसा पडला तर बुरशी अजून आहे, डॉक्टरांना विचारून केटोकोनाझोलचा शांपू पाठीला लावता येईल. भुसा पडला नाही तर क्रीम बंद करा.