घटस्फोटाचा कायदा आणि कोयत्याचा हिशेब

प्रश्न : वकीलताई, मी अंबाजोगाईला कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका शिष्यवृत्तीसाठी ‘घटस्फोटाचे कायदे न्याय्य आहेत का?’ या विषयावर निबंध पाठवायचाय. सर म्हणतात, नवरा-बायको दोघांची बाजू समतोल मांड. माझ्या आत्याच्या मुलीची घटस्फोटाची केस चालू आहे. लग्न झाल्यापासून ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची. तिची गोष्ट लिहू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : लिही, पण आधी तिला विचार. आणि कोर्टातले कागद उतरवून घालू नकोस. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 प्रमाणे हे कामकाज बंद दाराआड चालतं, ते छापलं तर दंड आहे. नाव, गाव, कारखाना सगळं बदल. कष्टाचा तपशील मात्र आहे तसा ठेव.

आता समतोलाचं. घटस्फोटाची कारणं 1955 च्या या कायद्यात दोघांना जवळपास सारखीच आहेत, बायकोला काही जादा. परस्परसंमतीचं कलम 13-ब 1976 साली आलं. कलम 24 आणि 25 खाली नवराही पोटगी मागू शकतो. सरांना हवा तो समतोल एवढ्यात होतो. माझ्या मते खरा अन्याय घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर सुरू होतो, आणि तुझा निबंध तिथं रेंगाळला पाहिजे.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक मजूर-जोडी धरतात. मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) जाते नवऱ्याच्या हातात. अंधारात फडात, म्हणजे तोडीच्या उसात, दोघं उतरतात; मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या बाईनं, वर कोपीवरचा (झोपडीवरचा) स्वयंपाक, लेकरं तिचीच. त्या पैशातून गावाकडं पत्र्याच्या दोन खोल्या होतात, एखादा कोरडवाहू एकर होतो. सातबारा नवऱ्याच्या नावावर. तो वारला तर 1956 च्या वारसा कायद्यानं ती पहिल्या वर्गातली वारस. घटस्फोट झाला की त्याच एकरात तिचं काहीच नाही! संसारात कमावलेली मालमत्ता दोघांची, असं मानणारा कायदा महाराष्ट्रात नाही. शेजारच्या गोव्यात, पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात, वेगळा करार केला नसेल तर ती दोघांची धरतात. ही तुलना निबंधात जरूर कर.

पोटगी आहे ना, असं कुणी म्हणेल. 2020 च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालात सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायला लावलं, शेतीवाल्यांसाठी वेगळा नमुनाही दिला. निकाल फार मोलाचा आहे, मी तो सतत वापरते. पण माझ्यापुढं येणारी कित्येक शपथपत्रं ‘मोलमजुरी, मिळेल तसं’ एवढ्यावर संपतात. उचलीची नोंद मुकादमाच्या वहीत, आणि मुकादम साक्षीला यायला तयार नसतो. त्या उचलीत निम्मे कष्ट आपले होते, हे दाखवायला बाईकडं चिटोरं नसतं.

आणखी एक, बॉण्डवरची फारकत, म्हणजे कोर्टात न जाता स्टँपपेपरवर लिहून घेतलेली सोडचिठ्ठी. कलम 29 रूढीनं होणारी सोडचिठ्ठी मानतं, पण तशी रूढी त्या समाजात आहे हे सिद्ध करावं लागतं. नुसत्या नोटरीच्या शिक्क्यानं लग्न मोडत नाही. त्या कागदाच्या भरवशावर बाईनं दुसरं लग्न केलं आणि पुढं वाद झाला, तर तेच लग्न रद्दबातल ठरू शकतं. हे अजून गावोगाव चालू आहे, फार वाईट वाटतं.

निबंध होईल तेव्हा होईल, बहिणीचं आधी बघ. पोटगीचा अर्ज केलाय का तिनं? ‘रजनेश’ निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून थांबण्यात तिचंच नुकसान. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं साधा अर्ज करायचा. आणि हे कारखाने सुरू व्हायच्या आत करा. नवरा एकदा फडावर गेला की त्याला नोटीस बजावण्यातच अख्खा हंगाम जातो.