दारात गाडी उभी करायची, तर हप्ता कोण ओढणार?

प्रश्न थोडक्यात असा. दारव्ह्यापासून पाच किलोमीटर आत गाव, नोकरी यवतमाळात. रोज दुचाकीनं जाऊन-येऊन ९० किलोमीटर होतात, पाठ धरली आहे. हातात पगार ४६,०००. घरखर्च, मुलीचं शिक्षण आणि बाबांची औषधं मिळून २४,००० जातात, दुचाकीच्या पेट्रोलला ४,५०० वेगळे. चार एकर कापूस आहे. बँकेत २ लाख १० हजार. बाबा ७१ वर्षांचे, हृदयाच्या दुखण्यासाठी दर तीन महिन्यांनी त्यांना नागपूरला दाखवावं लागतं. साडेसात लाखांची गाडी डोळ्यांत भरली आहे. दीड लाख रोख भरायचे आणि सहा लाख सात वर्षांच्या कर्जानं घ्यायचे. 'साळ्यानं घेतली, आता घरी रोज तोच विषय. सांगा, घ्याव का नाही?'

भाऊ, आत्ता घेऊ नका. का ते सांगतो.

साडेनऊ टक्क्यांनी सहा लाखांचा हप्ता ९,८०० च्या आसपास बसतो. शोरूमवाला तुम्हाला एवढाच आकडा सांगतो. महिन्याचे २४ दिवस धरले तर तुमची गाडी २,१६० किलोमीटर पळणार. लिटरला १८ चा ॲव्हरेज आणि १०५ चा भाव धरला, तर पेट्रोलच १२,६०० रुपयांचं. म्हणजे हप्त्यापेक्षा पेट्रोल जास्त! विमा, सर्व्हिसिंग आणि पुढेमागे टायर यांचे महिन्याला तीन हजार धरा. बेरीज २५,४००. घराचे २४,००० त्यात मिळवले की ४९,४०० होतात आणि पगार आहे ४६,०००. दर महिन्याला ३,४०० कमी पडणार, ते कुठून आणणार? 'कापसातून,' असं तुम्ही लिहिलंय. पण कापसाचा पैसा दिवाळीपासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटच्या वेचणीपर्यंत येतो, तोही आला तर. बँकेचा हप्ता मात्र जुलै-ऑगस्टमध्येही ठरल्या तारखेलाच कापला जातो. बोंडअळीच्या वर्षी तो माफ झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

जीएसटी उतरला म्हणून आत्ताच घ्यावी, असं शोरूममध्ये सांगितलं म्हणता. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरं. पण ती बचत एकदाच होते, पेट्रोल रोजचं आहे.

पत्रातली दुसरी एक ओळ मला जास्त खटकली. 'गावातल्या दोघातिघांना रोज सोबत नेलं तर पेट्रोल निघून जाईल.' पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत भाडं घेऊन सवाऱ्या बसवल्या की तो धंद्याचा वापर ठरतो. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मग बसलेल्यांच्या दवाखान्याचं बिल तुमच्या चार एकरांवर येऊ शकतं. हा हिशोब डोक्यातून काढून टाका.

दुचाकीवर पाठ मोडून घ्या, असंही मी म्हणत नाही. दुचाकी दारव्ह्यापर्यंतच न्या, पुढे लालपरी. चाळीस किलोमीटरचे सात टप्पे, तिकीट सत्तरच्या आसपास. एसटीच्या मासिक पासात २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस फिरता येतं, म्हणजे साधारण २,८५०. दारव्ह्यापर्यंतच्या पेट्रोलला ५०० धरा. एकूण ३,३५०, आजच्यापेक्षाही कमी. वहिनींना अर्धं तिकीट आहे, बाबांनाही ६५ च्या वर असल्यामुळे अर्धंच. पंचाहत्तरी ओलांडली की त्यांचा प्रवास फुकट. मुलगी नववीत आहे ना? अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेच्या पासाला तिला पैसे लागत नाहीत. शाळेत विचारा.

आता तुम्ही म्हणाल, एसटीचा काय भरोसा! बरोबर आहे. संध्याकाळची गाडी चुकली की माणूस स्टँडवरच अडकतो. तुमच्या दारव्ह्यावरूनच एके काळी शकुंतला रेल्वे धावायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. ती बंद पडली, गावागावांतल्या गाड्यांच्या फेऱ्या आटत गेल्या आणि ज्यानं त्यानं आपापली दुचाकी घेतली. आता दुचाकीवरून चारचाकीवर. सरकारनं चालवायची ती गाडी तुम्ही स्वतःच्या हप्त्यानं चालवायला निघालात, असं मला दिसतं. यवतमाळला नोकरीला जाणारे तुमच्या आजूबाजूला दहा-पंधरा जण सहज निघतील. वेळेची तक्रार असेल तर सगळ्यांच्या सह्या घेऊन आणि ग्रामसभेचा ठराव जोडून दारव्हा आगारात आगार व्यवस्थापकांना द्या. एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा ठरावाला वजन असतं.

राहिली नागपूरची वारी. बाबांना अर्ध्या तिकिटात बसनं नेता आलं तर उत्तमच, पण हृदयाच्या माणसाला तेवढं झेपत नसेल तर भाड्याची गाडी सांगा. जाऊन-येऊन साडेपाच-सहा हजार पडतील. वर्षातून चार वेळा म्हणजे २४,०००. लग्नकार्याला आणखी चार वेळा जवळपास गाडी लागली, असं धरलं तरी सगळं मिळून ४०,००० च्या आत बसतं. तुमच्या नव्या गाडीचा हा दोन महिन्यांचाही खर्च नाही.

सोयरिकीच्या वेळी दारात गाडी दिसली पाहिजे, असं वहिनींचं म्हणणं. त्यावर मी काय बोलू? मीही एक गाडी अशीच घेतली होती. दोन वर्षं निंबाखाली उभी राहिली, बॅटरी दोनदा बदलली, आणि सोयरीक जमली ती चुलतभावाच्या ओळखीनं.

आता एक करून बघा. एक तारखेला पास काढा आणि पोस्टात महिन्याला १०,००० ची आवर्ती ठेव सुरू करा. सध्याच्या ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांत ७ लाख १३ हजारांच्या आसपास होतील. शिवाय ३,५०० वेगळे काढा, ते भाड्याच्या गाडीसाठी. २ लाख १० हजारांना हात लावू नका, ते दवाखान्यासाठी राहू द्या. मध्येच बाबांना दर आठवड्याला न्यायची पाळी आली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा अडीच-तीन लाखांची वापरलेली गाडी बघू, तीही कर्ज न काढता. तोवर गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर फोनमध्ये ठेवा. दोन कशाला, तर लग्नसराईत एक हमखास वरातीत असतो.