थंड गाडीत दुसरा गिअर अडतो : गिअरबॉक्समध्ये जीएल-४ तेल घालावे की जीएल-५, आणि ते कसे बदलावे?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : गाडी सहा गिअरची, इंजिन पुढे आणि चाल मागच्या चाकांना अशी स्पोर्ट्स कार आहे. गाडी थंड असताना दुसऱ्या गिअरला दांडा अडतो, घाई केली तर खर्रकन आवाज येतो आणि गाडी तापल्यावर तक्रार नाहीशी होते. गॅरेजवाल्यांनी जीएल-५ दर्जाचे ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक तेल सुचवले आहे, कारण त्यांच्या मते जीएल-५ हे जीएल-४ च्या वरचे आहे. सिंथेटिक तेलाला माझी हरकत नाही. या कारणाला मात्र आहे. जीएल (गिअर ल्युब्रिकंट) ही गिअरच्या तेलाची प्रतवारी आहे, पण तिच्यापुढचा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा वाचायचा नसतो. ते तेल कोणत्या प्रकारच्या दात्यांसाठी आणि किती दाबासाठी बनवले आहे, एवढेच तो सांगतो, आणि आपल्या तक्रारीचा संबंध दात्यांपेक्षा सिंक्रोनायझरशी, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या भागाशी, अधिक आहे.

गिअर बदलताना आत काय घडते ते आधी पाहू, म्हणजे तेलाची निवड सोपी होते. दांडा दुसऱ्या गिअरकडे ढकलला की स्लीव्ह (शाफ्टवर सरकणारे दातेरी कडे) सरकते आणि सिंक्रोनायझरची रिंग गिअरच्या निमुळत्या शंकूवर दाबते. या दोन शंकूंच्या घर्षणाने गिअरचा वेग शाफ्टच्या वेगाशी जुळतो आणि त्यानंतरच स्लीव्हचे दाते पुढे जाऊन अडकतात. म्हणजे ज्या यंत्रात सर्वत्र घर्षण कमी व्हावे म्हणून आपण तेल घालतो, त्याच यंत्रात या एका जागी घर्षण हवे असते, आणि तेही क्षणार्धात. त्यासाठी रिंगच्या आतल्या बाजूस बारीक आटे किंवा खाचा असतात. त्यांनी तेलाचा थर कापून बाजूला सारायचा आणि शंकूला शंकू भिडू द्यायचा, अशी योजना असते. तेल थंडीने घट्ट झालेले असेल तर तो थर वेळेत कापला जात नाही आणि दांडा अडतो. तेल रसायनामुळेच फार निसरडे असेल तर थर कापला गेला तरी पुरेशी पकड येत नाही, वेग जुळण्याआधीच दात्यांना दाते भिडतात आणि आपण ऐकता तो आवाज येतो.

जीएल-५ तेल मुख्यतः हायपॉइड दात्यांसाठी, म्हणजे डिफरेन्शियलमधील (चाकांना चाल वाटून देणाऱ्या पेटीतील) क्राउन आणि पिनियन या दातेचाकांसाठी बनवलेले असते. तेथे दाते एकमेकांवर नुसते गरगरत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. म्हणून या तेलात गंधक आणि फॉस्फरसयुक्त द्रव्ये जीएल-४ पेक्षा बरीच जास्त असतात. ज्या ठिकाणी धातू धातूला भिडून तापतो, तेथे ही द्रव्ये पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर तयार करतात. पोलादासाठी ही फार चांगली सोय आहे. सिंक्रोनायझरच्या रिंगा मात्र पुष्कळदा पितळेच्या किंवा तत्सम तांबेयुक्त मिश्रधातूच्या असतात आणि सक्रिय गंधक, विशेषतः तापमान वाढल्यावर, अशा पिवळ्या धातूंना खातो. आजची बरीच जीएल-५ तेले या बाबतीत पूर्वीपेक्षा पुष्कळ सौम्य आहेत, त्यामुळे एकदा चुकीचे तेल पडले म्हणून रिंगा विरघळल्या असे समजून घाबरण्याचे कारण नाही. माझा आक्षेप मुख्यतः निसरडेपणावर आहे, कारण त्याचा परिणाम पहिल्या दिवसापासून हाताला जाणवतो. डब्यावर 'जीएल-४/जीएल-५' असे दोन्ही छापलेले असेल, तर त्या जोडनावावर विसंबू नये. सिंक्रोनायझर असलेल्या गिअरबॉक्ससाठी हे तेल योग्य आहे असे उत्पादकाने स्पष्ट लिहिले आहे का, ते पाहावे.

आता घट्टपणा. गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे दोन वेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत. ९० आकड्याचे गिअर ऑइल १०० अंश सेल्सियसला साधारणपणे ४० किंवा ५० आकड्याच्या इंजिन ऑइलइतकेच घट्ट असते, त्यामुळे मोठा आकडा पाहून बिचकू नये. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतले वागणे सांगतो : ठरलेल्या घट्टपणाची मर्यादा ७५डब्ल्यू तेलाने उणे ४० अंशांपर्यंत पाळायची असते, तर ८०डब्ल्यू तेलाने केवळ उणे २६ अंशांपर्यंत. आपली तक्रार थंड गाडीतली असल्यामुळे ८०डब्ल्यू किंवा ८५डब्ल्यू तेलाचा विचारही करू नये. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-८५ घेतल्यास सकाळचा दांडा आणखी हलका पडेल. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारण्याचा शौक असेल तर मात्र ७५डब्ल्यू-९० वरच राहावे, कारण तेथे गिअरबॉक्स खूप तापतो आणि पातळ तेलाचा थर दाते व बेअरिंग यांच्यामध्ये टिकणे अवघड होते.

या सगळ्याच्या वर एक नियम आहे : अखेरचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. स्पोर्ट्स कारांमध्ये याबाबत इतकी विविधता आहे की एका गाडीचा सल्ला दुसरीला लावता येत नाही. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही चालतात असे तिची पुस्तिकाच सांगते. होंडा एस२००० च्या गिअरबॉक्सला होंडाचे स्वतःचे एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचे तेल) लागते, तर तिच्याच मागच्या डिफरेन्शियलला हायपॉइड तेल. सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआयमध्ये पुढचे डिफरेन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत आणि त्याच तेलात असल्यामुळे तेथे जीएल-५ हेच बरोबर आहे. जीएल-४ च्या कौतुकापोटी ते बदलणे म्हणजे क्राउन-पिनियनचा बळी देणे होय. १९९७ ते २००४ या काळातील सी५ कॉर्व्हेटच्या टी५६ गिअरबॉक्समध्ये तर मॅन्युअल असूनही ऑटोमॅटिकचे डेक्सरॉन-३ तेल घालतात. आपल्या गाडीत डिफरेन्शियल मागे आणि वेगळे आहे, तेव्हा गिअरबॉक्सला पुस्तिकेने जीएल-४ सांगितले असेल किंवा चालेल असे म्हटले असेल, तर सिंक्रोनायझरसाठी बनवलेले ७५डब्ल्यू जीएल-४ सिंथेटिक हीच माझी शिफारस राहील. डिफरेन्शियलचे तेल, आणि लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळे फिरू न देणाऱ्या) डिफरेन्शियलसाठी त्यात घालायचे फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण बदलणारे द्रव्य, चुकूनही गिअरबॉक्समध्ये जाऊ देऊ नये. रिंगेला जी पकड हवी असते तीच ते काढून घेते.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. गाडी आधी दहा-पंधरा मिनिटे रस्त्यावर चालवून आणावी. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवल्याने गिअरबॉक्स फारसा तापत नाही. नंतर चारही बाजूंनी सारख्या उंचीवर भक्कम स्टँडवर गाडी ठेवावी, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते आणि गाडी तिरकी असेल तर तेलाची पातळीही चुकते. सायलेन्सरचा पाइप गिअरबॉक्सला लागूनच असतो व तो तेलापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो, याचे भान ठेवावे. यानंतरची गोष्ट मी कधीही टाळत नाही : खालचा ड्रेन प्लग उघडण्यापूर्वी वरचा, भरण्याचा प्लग सैल होतो याची खात्री करून घेतो. वर्षानुवर्षे न उघडलेला हा प्लग कधी कधी इतका जाम असतो की पाना घसरून त्याच्या कडाच गोल होतात, आणि तोवर तेल काढून टाकलेले असेल तर गाडी जागची हलवता येत नाही.

तेल पूर्ण निथळू द्यावे आणि दरम्यान ड्रेन प्लगचे चुंबक निरखून पाहावे. बोटाला लागणारा काळपट राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप हा नेहमीच्या झिजेचा असतो. तो पुसून टाकावा. दाताचा तुकडा किंवा नखाला टोचेल असा कण सापडला, तर नवे तेल हा त्यावरचा इलाज नाही. चुंबकाला पितळ चिकटत नाही, म्हणून तेल उजेडात तिरके धरून सोनेरी चकाकी दिसते का तेही पाहावे. थोडी चकाकी चालते, पण मेटॅलिक रंगासारखी चमचम दिसली तर रिंगा बऱ्याच झिजलेल्या आहेत असे समजावे. प्लगचे वॉशर दोन्ही नवे घालावेत आणि प्लग पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच आवळावा. पेटी ॲल्युमिनियमची असते आणि जोर लावून आवळल्यास आटे प्लगचे नव्हे, पेटीचे जातात. नवे तेल हातपंपाने किंवा लांब नळीने वरच्या भोकातून भरावे आणि ते भोकाच्या खालच्या कडेवरून ओघळू लागले की थांबावे. काही गिअरबॉक्समध्ये पातळी कडेच्या किंचित खाली ठेवायची असते, तर सुबारूच्या अनेक गाड्यांत ती डिपस्टिकवर पाहतात, तेव्हा पुस्तिकेतील लिटरचा आकडाही पडताळून घ्यावा.

तेल पुन्हा कधी बदलावे, यासाठी पुस्तिकेतील अंतर पाळावे. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीत ते निम्म्यावर आणण्यास हरकत नाही. 'आयुष्यभराचे तेल' या शब्दांवर माझा विश्वास नाही, कारण इंजिनासारखा फिल्टर बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सना नसतो आणि झिजेचा चुरा त्याच तेलात फिरत राहतो.

तेल विकत घेण्यापूर्वी एक तपासणी मात्र अवश्य करावी. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन सुरू ठेवावे, क्लच पूर्ण दाबून पाच-सात सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे तेवढ्या वेळात शाफ्ट थांबला नाही तर दाते लगेच आवाज करतात. असे झाल्यास क्लच पूर्ण सुटत नाही असा अर्थ होतो. मग आधी क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमधील हवा काढून घ्यावी, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर गळत नाहीत ना हे पाहावे, आणि त्यानंतरही थंड गाडीत दुसरा गिअर अडलाच तर तेलाचा डबा आणावा.