रॅम घेण्याआधी हे बघ
अरे थांब, स्वस्त दिसली म्हणून लगेच ऑर्डर मारू नकोस. आधी सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून बघ तुझ्या मशीनला डीडीआर४ लागते की डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या), कारण दोन्हीची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या स्लॉटात दुसरी बसतच नाही, आणि लॅपटॉपच्या रॅमची तर पट्टीच आखूड. भाव का चढतात विचारलंस ना, तर रॅमच्या चिपा बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, आणि २०२५ मध्ये त्यांचा बराच माल एआयच्या सर्व्हरांकडे वळला, मग आपल्याला महागच पडणार. सोळा जीबीची एक घेण्याऐवजी आठ-आठ जीबीच्या दोन घे, ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे दोन्हींतून एकाच वेळी डेटा जातो. आरजीबी म्हणजे रंगीत लायटिंगला मात्र जास्तीचे पैसे देऊ नकोस बाबा.