शिरगणतीच्या रकान्यातले पणजोबा

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीला असतो आणि सून तिथलीच, गोऱ्या अमेरिकन घरातली आहे. नातवासाठी वंशावळ तयार करताना तिला आपल्या पणजोबांची, म्हणजे आईच्या आजोबांची, नोंद सापडली. १९१० च्या शिरगणतीत ते १९ वर्षांचे असून न्यू ऑर्लिन्सला आईवडिलांच्या घरी आहेत आणि वर्णाच्या रकान्यात ‘एमयू’, म्हणजे मिश्रवर्णी, असे लिहिले आहे. १९२० मध्ये मात्र शिकागोत त्यांच्याच नावापुढे ‘डब्ल्यू’, म्हणजे गोरे, असे आहे. विहीणबाईंचे म्हणणे असे, की ही लिहिणाऱ्याची चूक असणार, उगाच उकरून काढू नये. खरोखर चूक असेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : एखादे अक्षर चुकू शकते, कारण त्या काळी प्रगणक दारात उभा राहून वर्ण स्वतःच ठरवत असे, लोकांनी आपला वर्ण आपण लिहिण्याची पद्धत १९६० पासून रुळली. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घरचे सांगतील ते उतरते, या रकान्यात मात्र परक्याच्या डोळ्यांना दिसले ते उतरत असे. म्हणून एका नोंदीवर न थांबता सुनेने १९०० ची शिरगणती पाहावी. त्या वर्षी ‘एमयू’ हे अक्षर वापरातच नव्हते, त्यामुळे घरातल्या साऱ्यांपुढे ‘बी’, म्हणजे कृष्णवर्णी, असे दिसले, तर दोन वेगळ्या प्रगणकांनी दहा वर्षांच्या अंतराने सारखीच चूक केली असे म्हणणे कठीण जाईल.

दुसरा पुरावा अधिक बोलका ठरेल. ५ जून १९१७ रोजी लष्करभरतीसाठी २१ ते ३० वर्षांच्या पुरुषांची नोंदणी झाली, तेव्हा पणजोबांना ती चुकली नसणार. त्या कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर, माणूस आफ्रिकी वंशाचा असल्यास हा कोपरा फाडावा, अशी सूचना छापलेली असे. कार्डाच्या छायाचित्रात तो कोपरा शाबूत आहे की नाही, हे आधी पाहावे. शाबूत असेल, तर पणजोबा १९१७ पर्यंतच गोरे म्हणून वावरू लागले होते असा तर्क करता येईल.

असे वावरणे त्या शहरात नवलाचे नव्हते. पोप लिओ चौदावे यांचे आजोळही न्यू ऑर्लिन्सचेच. त्यांचे आजोबा १९०० मध्ये कृष्णवर्णीय म्हणून नोंदलेले असून, कुटुंब शिकागोला गेल्यावर १९२० मध्ये गोरे म्हणून नोंदले गेले. २०२५ मध्ये वंशावळीच्या एका अभ्यासकाने हे दाखवून दिले. नोकरी, घर, मुलांची शाळा यांपैकी काय मिळेल हे त्या एका अक्षरावर ठरत असताना माणसे गाव बदलून अक्षरही बदलत, आणि त्यासाठी मागे राहिलेल्या भावंडांशी संबंध तोडावे लागत.

मागे जाताना एक खबरदारी घ्यावी. पूर्वज गुलामच असतील असे गृहीत धरू नये, कारण न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानात अमेरिकी यादवी युद्धापूर्वीच स्वतंत्र मिश्रवर्णीयांची मोठी वस्ती होती आणि ते १८५० व १८६० च्या सर्वसाधारण शिरगणतीत नावानिशी सापडतात. गुलामांच्या स्वतंत्र यादीत मात्र मालकाचे नाव आणि खाली केवळ वय, लिंग व वर्ण एवढेच असते. बहुतेकांची नावे पहिल्यांदा १८७० मध्ये दिसतात.

डीएनए चाचणीतल्या टक्क्यांवर फार विसंबू नये. पणजोबांमध्ये आफ्रिकी अंश चौथाई असेल, तर सुनेपर्यंत तो सरासरी तीन टक्क्यांच्या आसपासच पोहोचतो. त्यापेक्षा १९१० च्या त्याच पानावर पणजोबांच्या भावंडांची नावे असतील, ती १९२० आणि १९३० मध्ये न्यू ऑर्लिन्सला शोधावीत. त्यांची नातवंडे-पतवंडे आज हयात असतील, आणि शिकागोला निघून गेलेल्या भावाची गोष्ट त्यांच्या घरी कदाचित अजून सांगितली जात असेल. विहीणबाईंना हवा असलेला खुलासा तिथेच मिळण्याचा संभव आहे.