एमएसमुळे आईच्या तळव्यांची आग होते. घरी टेन्स मशीन कसं वापरायचं?

तुम्ही ऐरोलीहून लिहिलंय की आईला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) आहे, मज्जातंतूंच्या वेदनेवरची प्रीगॅबलिन गोळी चालू असूनही रात्री तळव्यांची आग होते आणि टेन्स मशीन (त्वचेवरच्या पॅडमधून सौम्य करंट देऊन वेदना कमी करणारं यंत्र) घ्यायला सांगितलंय, पण पॅड कुठे लावायचे ते कुणी दाखवलं नाही.

वापरून जरूर बघा, पण आधी त्वचेला कितपत कळतं ते तपासा. आईला डोळे मिटायला सांगा आणि टूथपिकचं टोकदार आणि बोथट टोक आलटून पालटून हलकेच टेकवा. फरक ओळखता येत नसेल त्या जागी पॅड लावू नका. करंट जास्त झाला तरी तिला कळणार नाही आणि त्वचा भाजेल. शिवाय टेन्सचं काम स्पर्श वाहून नेणाऱ्या जाड तंतूंमार्फत चालतं. मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेला 'गेट'चा सिद्धांत हाच: स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतो. एमएसमध्ये बिघाड मेंदू-मज्जारज्जूतच असतो, त्यामुळे कुणाला आराम पडतो, कुणाला अजिबात नाही.

नुसता पंचा लागला तरी आग होत असेल तर तळव्यावर पॅड नको. प्रत्येक पायाला एक चॅनल (दोन पॅडची एक जोडी) द्या: एक पॅड पोटरीच्या वरच्या भागात मागे, दुसरा आतल्या घोट्याच्या मागे. मशीनवर फ्रिक्वेन्सी 80 ते 100 हर्ट्झ, पल्सची रुंदी 100 ते 200 मायक्रोसेकंद, वेळ 30 ते 45 मिनिटं. मुंग्या ठळक जाणवाव्यात, पण दुखू नये आणि स्नायू उडता कामा नये. एमएसमध्ये पाय आधीच ताठरत असतील तर त्या उडण्याने पेटका येऊ शकतो. दहा मिनिटांनी मुंग्या कमी वाटल्या तर डायल किंचित वाढवा. बरीच मशीन टेन्स आणि ईएमएस अशी दुहेरी असतात. ईएमएस स्नायू आकुंचन पावण्यासाठी आहे, तो मोड नको. पॅड लावताना आणि काढताना मशीन बंदच ठेवा.

आपल्याकडच्या दमट हवेत खरा त्रास पॅडचा. घामाने कड सुटते, सगळा करंट उरलेल्या छोट्या जागेतून जातो आणि चटका बसतो. पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, आधी खोबरेल किंवा बाम चोळू नका. वापरून झाल्यावर पॅड प्लॅस्टिकच्या पट्टीवर परत चिकटवून बंद पिशवीत ठेवा. चिकटेनासे झाले की बदला, वरून चिकटपट्टी लावून चालवू नका.

एमएसमध्ये अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात. मे महिन्यात दुपारी ठाण्याहून लोकलने आल्याआल्या मोजलेली वेदना म्हणूनच फसवी. रोज ठरलेल्या वेळी, पंख्याखाली निवांत बसल्यावर 0 ते 10 मध्ये आकडा लिहा: आधी, लगेच नंतर आणि तासाभराने. क्लिनिकमधून मशीन भाड्याने मिळालं तर उत्तम. तीन आठवड्यांत आकडा दोनानेही उतरत नसेल तर विकत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळ्या मात्र मनाने कमी करू नका.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं विजेचं उपकरण असेल तर टेन्स नकोच. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि जखमेवर पॅड कधीच नाही. चेहऱ्यात चमक मारत असेल तर तिथे घरी प्रयोग नको. पायातली ताकद अचानक कमी झाली किंवा लघवी अडली, तर मशीन बाजूला ठेवून त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टना फोन करा.