जेडची पानं पावसाळ्यात का गळतात?

प्रश्न : गॅलरीतल्या जेड या जाड, गुबगुबीत पानांच्या शोभेच्या रोपाची खालची पानं पिवळी, पाणीदार होऊन गळताहेत. पाणी रोज घोटभरच घालते.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : घोटभर असलं तरी ‘रोज’च नडतंय. जुलै-ऑगस्टच्या आपल्याकडच्या दमट हवेत कुंडीतली माती वाळतच नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. रोप उपसून बघा. काळी, बुळबुळीत मुळं कापा, चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या. मग माती, जाड वाळू आणि विटांचा चुरा समप्रमाणात घेऊन मातीच्या कुंडीत लावा. तळाला भोक हवंच. आठवडाभर पाणी नको. पुढे बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच घाला, पण तळातून वाहेपर्यंत. ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाका. पानं सुरकुतली, तर मात्र ती तहान.